हस्तकलेच्या जुन्या मासिकांचे काय करावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विणकाम, भरतकाम, शिवणकाम, रांगोळी आणि रुखवताच्या वस्तू यांची जुनी मासिके सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत माळ्यावर, दिवाणात किंवा लोखंडी ट्रंकेत पडून आहेत. घर बदलताना, वाडा पाडून तेथे इमारत उभी राहताना किंवा घरातली विणणारी व्यक्ती गेल्यावर हे गठ्ठे खाली निघतात आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न पडतो. साताऱ्यातल्या आमच्या घरातले आईचे साडेतीनशेच्या आसपास अंक मी गेल्या काही वर्षांत मार्गी लावले. त्या काळात ओळखीच्या स्त्रियांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सगळा गठ्ठा एकदम रद्दीवाल्याला देऊन मोकळे का होऊ नये?

रद्दीवाला कागदाचे वजन करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण हस्तकलेच्या अंकातला मजकूर बातमीसारखा शिळा होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातली ब्लाऊजची फॅशन आज कोणी घालणार नाही हे खरे, परंतु त्याच अंकातले बाळाच्या कुंचीचे, टोपड्याचे आणि मोज्यांचे माप आजच्या बाळालाही तंतोतंत बसते, कारण बाळंतविड्याचे कपडे बदललेले नाहीत. गहू टाका, काज टाका, साखळी टाका आणि उलटी टीप हे टाकेही तेच आहेत.

दुसरे कारण भाषेचे आहे. मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ भरपूर मिळतात, पण त्यातले बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत असतात. ‘सुलट, उलट, जोडून दोन सुलट, पुढे लोकर घेऊन एक’ अशा मराठीत ओळीमागून ओळ लिहिलेल्या सूचना, किंवा क्रोशाच्या ‘साखळी, मुका खांब, खांब’ या शब्दांत मांडलेला रुमाल, आता शोधावा लागतो. ही भाषा मोठ्या प्रमाणात या मासिकांतच छापली गेली. म्हणून अंक कोणाच्या हातात जाणार हे ठरल्याशिवाय तो घराबाहेर काढू नये, असे माझे ठाम मत आहे. रद्दी हा शेवटचा मार्ग आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

निवड कशी करावी? प्रत्येक अंक चाळत बसायला वेळ कोणाला आहे?

प्रत्येक अंक वाचायची गरज नाही. एका दुपारी ओसरीवर किंवा हवेशीर खोलीत सतरंजी अंथरून सर्व अंक पसरावेत आणि प्रत्येकाच्या बाबतीत तीनच गोष्टी पाहाव्यात: अंक कोरडा आहे का, मधली पाने आणि पुरवणी जागेवर आहेत का, आणि अंकातले काही आपण स्वतः येत्या वर्षभरात करणार आहोत का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर स्वतःसाठी ठेवायचे अंक फार थोडे उरतात. माझ्याकडे साडेतीनशेपैकी बावीस उरले.

घरगुती मासिकांत हस्तकलेची सात-आठ पाने आणि बाकी कथा, पाककृती, आरोग्य असा मजकूर असतो. असे अंक आणि निव्वळ विणकाम-भरतकामाची पुस्तिकावजा प्रकाशने वेगळी ठेवावीत, कारण ती घेणारी माणसे वेगळी असतात. लोकरीच्या गिरण्यांनी आणि दोऱ्याच्या कंपन्यांनी काढलेल्या बारीक नमुना-पुस्तिका गठ्ठ्यात हमखास लपलेल्या असतात. त्या आकाराने लहान असल्या तरी शिकणाऱ्यांना त्यांचाच उपयोग सर्वांत जास्त होतो.

एखादा अंक ऐतिहासिक मोलाचा आहे हे कसे ओळखावे?

सांगलीकरांनी हा प्रश्न विशेष गांभीर्याने घ्यावा, कारण स्त्रियांच्या मराठी मासिकांचा एक मोठा अध्याय त्यांच्याच जिल्ह्यात घडला आहे. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि त्या काळी ती औंध संस्थानात होती. तेथील कारखान्याच्या वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले, पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. शंकरराव किर्लोस्करांनी तेथूनच १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ सुरू केले. नांगर आणि पंप तयार होणाऱ्या गावातून स्त्रियांचे मासिक महाराष्ट्रभर जात होते, ही गोष्ट आजही मला विलक्षण वाटते.

अशा जुन्या मासिकांचे स्वातंत्र्यपूर्व काळातले अंक, एखाद्या वर्षाचे बारा अंक एकत्र बांधलेली फाइल, एखाद्या नियतकालिकाचा पहिला अंक किंवा जुने दिवाळी अंक हाती आले, तर ते शिवणवर्गालाही देऊ नयेत आणि रद्दीत तर मुळीच घालू नयेत. त्यातल्या जाहिराती, किमती, वाचकांची पत्रे आणि कपड्यांची चित्रे अभ्यासकांना लागतात. जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा इतिहास विभागाला अंकाचे नाव, महिना आणि वर्ष लिहून कळवावे. मुखपृष्ठ आणि संपादकाचे पान यांचे छायाचित्र सोबत पाठवले तर उत्तर लवकर मिळते.

मध्यभागी घडी घातलेला मोठा कागद निघतो. त्याचे काय?

तो नमुन्यांचा कागद आहे आणि शिवणकामाच्या अंकाचा जीव त्यातच असतो. एकाच कागदावर चार-पाच कपड्यांचे नमुने एकमेकांवर छापलेले असतात, आणि प्रत्येकाची रेघ वेगळी असते: कोठे अखंड, कोठे तुटक, कोठे टिंबांची. हा कागद कधीही कापू नये. त्यावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून हवी ती रेघ उतरवावी, शिलाईसाठी माया सोडावी आणि मग ती प्रत कापावी. एक बाही कापून घेतली की उरलेले चारही नमुने निकामी होतात. अंक देण्यापूर्वी हा कागद आत आहे की नाही ते तपासावे आणि नसेल तर मुखपृष्ठावर पेन्सिलीने तसे लिहावे.

जुन्या अंकांतली मापे आजच्या मुलींना कळतील का?

सोबत एक चिठ्ठी लिहून दिली तर नक्की कळतील. आपल्याकडे मेट्रिक वजने आणि मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या आणि पुढच्या काही वर्षांच्या अंकांतही लोकर औंसांत आणि कापड वारात सांगितलेले असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, तेव्हा ‘८ औंस लोकर’ म्हणजे साधारण २२७ ग्रॅम. एक वार म्हणजे ३६ इंच, अर्थात ९१ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त.

खरा घोटाळा सुयांच्या नंबरांत होतो. आपल्या बाजारात रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी आहे, तेथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटरची जाड सुई. गठ्ठ्यात परदेशी मासिके असतील तर त्यांवर ते कोणत्या देशाचे आहे हे ठळक लिहावे. क्रोशाच्या बाबतीत तर ब्रिटिश अंकातला ‘डबल क्रोशे’ आणि अमेरिकन अंकातला ‘सिंगल क्रोशे’ हा एकच टाका आहे. हे माहीत नसले की पहिल्याच ओळीपासून सगळा नमुना चुकत जातो आणि शिकणारी मुलगी दोष स्वतःच्या हाताला देते.

वाचनालय हे अंक घेईल का?

बहुतेक वेळा नाही, आणि त्यांचा नकार समजून घेतला पाहिजे. सार्वजनिक वाचनालयाकडे येणारी नियतकालिकेच इतकी असतात की ठरावीक मुदतीनंतर त्यांना ती काढून टाकावी लागतात. मग चाळीस वर्षांपूर्वीचे सुटे अंक ते कोठे ठेवणार? दाखल नोंद करायची तर मासिकाचा सलग संच लागतो, आणि आपल्याकडे मार्च, जून आणि नोव्हेंबर असे तुटक अंक असतात.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. अगदी सुरुवातीला मी दोन पोती अंक, आधी काहीही न विचारता, एका वाचनालयाच्या दारात नेऊन ठेवले. तेथील कर्मचाऱ्याने ते ठेवून घेतले. सुमारे महिन्याभराने एका रद्दीच्या दुकानाबाहेर मला आईच्या अक्षरात नाव घातलेला अंक दिसला आणि मी तो पैसे देऊन परत आणला. त्या दिवशी फार वाईट वाटले. तरीही त्या वाचनालयाकडे जागा नव्हती आणि मी विचारले नव्हते, हे दोन्ही तितकेच खरे आहे.

म्हणून आधी ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटावे, अंकांची यादी दाखवावी आणि ‘आपल्याला नको असतील तर परत घेऊन जाईन’ असे स्पष्ट सांगावे. काही वाचनालयांत महिला विभाग किंवा बालविभाग सुट्टीत हस्तकलेची शिबिरे भरवतो. तेथे दहा-पंधरा निवडक अंक आनंदाने घेतले जातात.

भिलारच्या पुस्तकांच्या गावाला पाठवता येतील का?

महाबळेश्वर तालुक्यातले भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडलेली आहेत. ही योजना राज्य मराठी विकास संस्थेमार्फत चालते, त्यामुळे कोणत्याही घरी परस्पर गठ्ठा नेऊन देणे योग्य नाही. विचारणा संस्थेकडे करावी, आणि तीही चांगल्या स्थितीतल्या पुस्तकांबद्दल करावी. सुट्या मासिकांसाठी ती जागा नव्हे.

मग हे अंक खरोखर कोणाला हवे असतात?

ज्यांचे हात रोज हे काम करतात त्यांना. सर्वांत आधी आपल्या पेठेतल्या शिवण क्लासला विचारावे. सातारा, कराड, सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) यांपैकी कोणतेही गाव घ्या, तेथे घरच्या घरी क्लास घेणाऱ्या ताई आहेतच. त्यांच्याकडे आठ-दहा मुली एका वेळी शिकत असतात आणि एकाच पुस्तकावर सगळ्यांचे काम चाललेले असते. त्यांना कापडाच्या कापणीचे, गळ्यांच्या आकारांचे आणि लहान मुलांच्या कपड्यांचे अंक द्यावेत. लोकरीचे अंक तेथे पडून राहतील.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकामाचे आणि ड्रेसमेकिंगचे अभ्यासक्रम असतात, आणि तेथील निदेशकांना जुन्या नमुन्यांच्या कागदांत विशेष रस असतो. गावातल्या महिला बचत गटांकडे, मग ते राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानातले असोत किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम), बाजारात विकता येतील अशा वस्तूंच्या कल्पनांची सतत गरज असते: पर्स, तोरणे, मोत्यांच्या रांगोळ्या, गौरीच्या सजावटीच्या वस्तू. एका गटाला मी रुखवताच्या कल्पनांचे चौदा अंक दिले. मुलीच्या लग्नात मांडायच्या रुखवतासाठी आता मागणी घेऊन वस्तू करून देणाऱ्या स्त्रिया गावोगावी आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने काड्यापेट्यांचा बंगला किंवा लोकरीचे तुळशीवृंदावन दाखवणारे पान म्हणजे थेट कमाईचे साधन आहे.

शाळांमध्ये कार्यानुभवाच्या शिक्षकांना भेटावे. मुख्याध्यापकांच्या नावाने कार्यालयात ठेवलेला गठ्ठा त्या शिक्षकांपर्यंत पोहोचेलच असे नाही. वृद्धाश्रमात देताना मात्र अंकांबरोबर दोन-चार जोड सुया आणि थोडी लोकरही द्यावी. ज्यांचे हात एके काळी सराईतपणे विणत होते, त्यांच्यापुढे नुसती चित्रे ठेवून निघून येणे मला बरे वाटत नाही.

कोणालाही देताना एका वेळी पंधरा-वीसपेक्षा जास्त अंक देऊ नयेत. तेवढे वापरले गेले की माणसे आपणहून आणखी मागतात.

विकून काही पैसे मिळतात का?

मोठी अपेक्षा ठेवू नये. जुनी पुस्तके विकणारे पूर्ण संच आणि जुने, दुर्मीळ अंक घेतात. सुट्या अंकांना रद्दीपेक्षा फारसा जास्त भाव येत नाही. वर्षानुसार लावलेले संच किंवा ‘बाळंतविडा’, ‘क्रोशाचे रुमाल’, ‘कर्नाटकी कशिदा’ असे विषयवार लहान गठ्ठे मात्र विणकाम-भरतकाम करणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटांत चटकन जातात. त्यातून मिळालेल्या पैशांत बहुधा नवी लोकर येते, आणि मला तेवढे पुरेसे वाटते.

दुसऱ्या गावी पाठवायचे असतील तर कसे पाठवावेत?

चकचकीत कागदाचा, शंभर पानांचा एक अंक साधारण पाव किलोचा असतो, म्हणजे वीस अंकांचे ओझे पाच किलोंवर जाते. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञानपोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सवलतीची सेवा सुरू केली आहे, परंतु ठरावीक काळाने प्रसिद्ध होणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. त्यामुळे मासिके त्या दराने जातील असे गृहीत धरून गठ्ठा बांधू नये. सातारा-सांगली परिसरात एसटीने पार्सल पाठवणे किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांच्या हाती देणे सोयीचे पडते. पावसाळ्यात पाठवायचे झाल्यास आतून प्लॅस्टिकची पिशवी आणि बाहेरून तरट, असे बांधावे.

मोबाइलवर फोटो काढून ठेवले आणि गटात पाठवले तर चालेल का?

स्वतःच्या वापरासाठी एखाद्या नमुन्याचा फोटो काढून ठेवण्यात अडचण नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी तेवढी मुभा आहे. संपूर्ण अंकाची पीडीएफ करून ती शेकडो जणींना वाटणे किंवा विकणे ही वेगळी गोष्ट आहे. लेखकाचे किंवा लेखिकेचे नाव असलेल्या मजकुरावर त्या व्यक्तीच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो, आणि निनावी मजकुरावर तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. नमुने तयार करणाऱ्या स्त्रियांना त्या काळी मानधन फार थोडे मिळाले असेल, त्यांचे नाव तरी पुसले जाऊ नये. फोटो पाठवताना ज्या पानावर नाव छापले आहे तो भाग कापू नये. छापील प्रत मात्र आपल्या मालकीची असते, ती देण्यास किंवा विकण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.

फोटो काढताना पान सपाट ठेवावे, खिडकीच्या उजेडात काढावा आणि आलेखाचे चौकोन मोजता येतात का ते तेथल्या तेथे मोठे करून पाहावे. फुली टाक्याच्या आलेखात एक चौकोन अस्पष्ट आला तरी पुढची सगळी ओळ सरकते.

कात्रणे काढून वहीत चिकटवावीत का?

अंक पूर्ण आणि चांगला असेल तर कापू नये, कारण पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या नमुन्याचा अर्धा भाग असतो. फाटलेला किंवा अर्धा गेलेला अंक असेल तर अवश्य कात्रणे करावीत. सुट्या पानांसाठी पारदर्शक कप्प्यांची फाइल वहीपेक्षा बरी, कारण विणताना हवे ते एकच पान काढून समोर ठेवता येते. चिकटवायचेच असेल तर मैद्याची घरगुती खळ टाळावी, तिच्यामुळे झुरळे आणि कसर येते. पूर्वीचे बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याच कारणाने, पण मोरचूद विषारी असल्याने घरात तो प्रयोग करू नये.

अंकांना कसर लागली आहे किंवा ते पुरात भिजले आहेत. ते वाचतील का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानली जाते. त्या पाण्यात गावभागातल्या आणि नदीकाठच्या घरांतली कपाटे दिवसचे दिवस बुडालेली होती, त्यामुळे हा प्रश्न सांगलीत अजूनही विचारला जातो.

साध्या, खरखरीत कागदाचा अंक भिजला तर तो पंख्याखाली, सावलीत, पानांत कोरे टीपकागद घालून वाळवता येतो. चकचकीत कागदाचे तसे नसते. त्या कागदावर चिनी मातीसारख्या द्रव्यांचा पातळ थर दिलेला असतो. तो ओला झाला की विरघळून पानांना एकमेकांशी चिकटवतो, आणि पाने तशीच वाळली तर अंकाची वीट होते. असा अंक ओला असतानाच हलक्या हाताने पाने सुटी करून वाळवावा. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सवड मिळेल तेव्हा एकेक काढावा. वाळून वीट झालेल्या अंकावर कष्ट घेऊ नयेत. पुराचे पाणी सांडपाण्यासह आलेले असते, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे.

बुरशी धरलेले अंक कोणालाही देऊ नयेत, कारण एक अंक पुढच्याच्या कपाटभर अंकांना बुरशी लावतो. कसर किरकोळ असेल तर अंक अंगणात नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, पानापानावरून मऊ ब्रश फिरवावा. साठवताना वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवावी. जुन्या पोथ्यांच्या रुमालांतही हेच घालत असत. गंजलेल्या पिना वेळीच काढाव्यात: अंक मधोमध उघडून पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीने आतून सरळ करावेत, पिन बाहेरून ओढून घ्यावी आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने तीन टाके घालावेत. ज्या घरात भरतकामाची मासिके आहेत, त्या घरात हे काम कोणालाही अवघड जाऊ नये.

कागदाचाच काही उपयोग करता येतो का?

येतो, पण कोणता कागद कशाला हे पाहावे लागते. आपल्याकडे खेड्यांतून कागदाचा लगदा आणि भिजवलेली मेथी एकत्र कुटून टोपल्या आणि सुपल्या करण्याची जुनी पद्धत आहे. कागद दोन-तीन दिवस पाण्यात भिजवतात, पाणी पिळून काढतात, मेथी वाटून त्यात मिसळतात आणि पालथ्या घातलेल्या पातेल्यावर तो लगदा थापतात. मेथीच्या चिकटपणामुळे टोपली घट्ट धरते आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही. माझ्या आजोळी अशा टोपलीत वर्षानुवर्षे सुतळीचे गुंडे आणि बिब्बे ठेवलेले असत. तिला बाहेरून लावलेल्या गेरूचा रंग हाताला लागायचा. या कामासाठी जुन्या अंकांतली खरखरीत, बिनचकाकीची पाने चांगली. चकचकीत पानांचा लगदा नीट होत नाही, त्यांच्या अरुंद पट्ट्या कापून क्विलिंगची, म्हणजे पट्ट्या गुंडाळून केलेली, फुले आणि आहेराची पाकिटे करावीत.

छापील पाने खाण्याच्या पदार्थांसाठी मात्र वापरू नयेत. शाईतली द्रव्ये तेलकट आणि गरम पदार्थांत उतरतात, म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन-नियमांनी छापील वर्तमानपत्रात पदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. मासिकाच्या पानांनाही हीच काळजी लागू पडते, त्यामुळे शेजारच्या भेळवाल्या काकांना सद्भावनेने गठ्ठा देऊ नये. घरातल्या टोपलीतही धान्य किंवा पदार्थ न ठेवता सुतळी, दोरे आणि बटणे ठेवावीत.

शेवटी रद्दीत घालायचेच असतील तर?

मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर ते वेगळे काढावे, नमुन्यांसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुया बाजूला कराव्यात, आणि अंक कोरडे द्यावेत. चकचकीत कागदाचाही पुन्हा कागद होतो. ओले किंवा बुरशीचे अंक रद्दीवाल्याच्या मालात मिसळू नयेत, ते नगरपालिकेच्या गाडीत द्यावेत. अंगणात पेटवू नयेत.

आई गेली, आणि तिचे अंक द्यायला हात धजत नाही. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, तोही बहुधा हलक्या आवाजात. आईच्या एका अंकात बिनबाह्यांच्या स्वेटरच्या नमुन्यापुढे प्रत्येक ओळीवर पेन्सिलीची बारीक खूण आहे. ती सदतिसाव्या ओळीवर थांबते आणि समासात लिहिलेले आहे: ‘टाके ८४, सुई १०, बाळू उठला’. त्याच पानाला टाचणीने अडकवलेला मोरपंखी लोकरीचा दोन बोटे रुंद तुकडा आहे आणि टाचणीचा गंज कागदावर उतरला आहे. हा अंक मी कोणालाही देणार नाही.

ज्या अंकावर हाताची नोंद आहे, ज्यातून लोकरीचा धागा किंवा कापडाचा तुकडा निघतो, तो ठेवावा आणि उरलेले द्यावेत. म्हणूनच गठ्ठा बांधण्यापूर्वी पाने एकदा झरझर उलटावीत आणि हे काम दुसऱ्या कोणाला सांगू नये. टाचणी काढून तुकडा पातळ कागदात गुंडाळून त्याच पानात ठेवावा. उरलेल्या कोऱ्या अंकांच्या बाबतीत ते विकत घेण्यामागचा आईचा हेतू आठवावा: त्यातले काहीतरी करून पाहायचे, एवढाच तो होता. एक-दोन नमुने आपण स्वतः विणले किंवा भरले, तर बाकीचे देताना मन जड होत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे काम वर्षातून कधी करणे चांगले?

जून ते सप्टेंबर हे चार महिने टाळावेत. साताऱ्याच्या पश्चिम भागात तर त्या दिवसांत कागद नुसता उघड्यावर ठेवला तरी सर्दावतो. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे सगळ्यांचीच गर्दी असते आणि घाईत चांगले अंकही जातात, त्यामुळे निवड त्याआधीच उरकून घ्यावी. लोकरीचे अंक नवरात्राच्या सुमारास द्यावेत, म्हणजे थंडीपूर्वी स्वेटर विणून होतो. रुखवताचे अंक तुळशीच्या लग्नाच्या आधी द्यावेत, कारण त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि करणाऱ्यांना पाने उलटायलाही फुरसत मिळत नाही. मुलांच्या हस्तकलेचे अंक मार्च संपता संपता शाळेतल्या शिक्षकांकडे पोहोचले, तर उन्हाळी सुट्टीच्या शिबिरात ते उघडले जातात.